प्रोस्टेट काढलं, कॅन्सर गेला. पण बाकीचं कधी सुधारणार?

‘ऑपरेशनला चार महिने झाले. लघवी अजून गळते. आणि नवरा-बायकोचं म्हणाल तर काहीच नाही. आता हे असंच राहणार का?’

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले पुरुष माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुतेक याच क्रमाने येतो. लघवीचं आधी, मोठ्याने. दुसरं नंतर, खाली बघून. कित्येकदा ते येतच नाही, मलाच विचारावं लागतं.

सोलापुरातल्या एका काकांचं सांगते, त्यांच्या आणि काकूंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. वय साठीच्या पुढे, सगळी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. ऑपरेशन पुण्यात झालं. नंतरच्या तपासणीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात तो आकडा, मोजता येणार नाही इतका खाली आलेला, म्हणजे कॅन्सरच्या बाजूने सगळं उत्तम. मुलाने पेढे वाटले आणि काकांनी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं.

पहिल्या दिवशी ते खुर्चीवर बसेचनात. भिंतीला टेकून उभे. खूप आग्रह केल्यावर खांद्यावरचा टॉवेल अंथरून बसले आणि मग सांगितलं की पँटच्या आतही टेरी टॉवेलच्या नॅपकिनची घडी आहे. ‘घरचाच माल आहे मॅडम, पाणी चांगलं धरतो.’ पाणी धरतो हे खरं, पण धरलेलं पाणी कातडीलाच लागून राहतं. जांघा लाल होऊन सोलल्या होत्या. औषधांच्या दुकानात पुरुषांसाठीचे पॅड मिळतात, त्यातला थर ओल आत ओढून घेतो, हे चार महिन्यांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात मागायचीही लाज. मी म्हटलं, मुलाला पाठवा, नाहीतर ऑनलाइन मागवा, पण हे आधी बदला.

लघवी का गळते हे समजलं की निम्मी भीती जाते. लघवी रोखायला शरीरात दोन झडपा असतात. वरची मूत्राशयाच्या तोंडाशी, आपोआप चालणारी. प्रोस्टेट तिला लागूनच असतं, त्यामुळे ऑपरेशनमध्ये तिचं काम जातं. खालची उरते, जी आपण ठरवून आवळू शकतो. आजवर दोघींनी वाटून घेतलेलं काम एकटीवर येतं आणि ती ते हळूहळू शिकते. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत बराच फरक पडतो, आणि वर्षभर सुधारणा होत राहते.

काकांना मी तीन दिवस नोंद करायला सांगितलं: किती प्यायलात, कधी गळलं, तेव्हा काय करत होतात. त्यांनी कारखान्यात उत्पादन लिहायचे तसं वहीत रकाने आखून आणलं. ‘७.१० – उठताना – थोडं. ११ – शिंक – जास्त. संध्याकाळी ६ – गाडीवरून उतरताना – पँट ओली. रात्र – कोरडी.’ रात्र कोरडी, हे त्यांना महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. मला वाटलं, कारण आडवं असताना पोटाचा दाब कमी असतो आणि तेवढं काम खालची झडप नीट करत होती. संध्याकाळी ती थकते, म्हणून तेव्हा जास्त गळतं.

वहीत आणखी एक दिसलं. पाणी जेमतेम तीन पेले आणि चहा पाच कप. गळू नये म्हणून पाणी तोडलेलं. सोलापूरच्या उन्हात! पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते. चहानेही तेच होतं. पाणी दिवसभर थोडं थोडं, चहा दोन कप, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. इतकंच बदललं.

व्यायामाचा मात्र घोळ होता. घरी जाताना मिळालेल्या कागदावर ‘केगल करा’ एवढी एक ओळ आणि खाली बाईचं चित्र. आर्नल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडणाऱ्या, लघवी रोखणाऱ्या स्नायूंसाठी. त्यामुळेच की काय, चित्रं अजून बायकांचीच छापतात. काकांनी अर्थ लावला तो असा: श्वास कोंडून पोट आत घ्यायचं, आणि लघवी करताना दर वेळी मधेच थांबवायची. दोन्ही चूक. पोट आवळलं की दाब खाली येतो. आणि मधेच थांबवून बघणं स्नायू ओळखण्यापुरतं एखादवेळी ठीक, रोजची सवय केली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

मी त्यांना सांगितलं, चारचौघांत वारा सरत असेल तर जसा आवरता तसं आवळा, आणि त्याच वेळी लिंग आत ओढल्यासारखं करा. ढुंगण, मांड्या, पोट सैल. श्वास चालू. पाच सेकंद धरायचं, तितकंच सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. आणि खरी गंमत वेळेत आहे: खोकला, शिंक, खुर्चीवरून उठणं याच्या क्षणभर आधी आवळायचं. नक्की तोच स्नायू आवळला जातोय का हे बघायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती गरज बऱ्याच जणांना असते.

आता दुसरं.

ते काकांनी नाही, काकूंनी काढलं. काका नोंदवही गाडीत विसरले म्हणून खाली गेले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, ‘ताई, मला या वयात काय पाहिजे? पण ऑपरेशनपासून हे बाहेरच्या खोलीत झोपतात. मी काही केलंय का?’ काकू समजत होत्या की काका त्यांच्यावर नाराज आहेत. शिवाय कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की जवळ गेलं तर कॅन्सर लागतो. लागत नाही. लघवीनेही बाईला काही होत नाही.

काकांना पुढच्या वेळी एकट्याला विचारलं. ते म्हणाले, ‘जवळ गेलो आणि अंथरूण ओलं झालं तर? आणि नाहीतरी आतून संपलंच आहे.’ संपलं हे कशावरून ठरवलं? तर एकदा मनात आलं, थोडी उत्तेजना आली, सुखही जाणवलं, पण वीर्य आलं नाही. ते यायचंच नाही. वीर्याचा बहुतेक द्रव बनवणारे प्रोस्टेट आणि वीर्यकोश दोन्ही काढलेले असतात. सुखाची जाणीव मात्र वेगळ्या नसांकडून येते आणि ती राहते, ताठरता नसतानाही. ज्याला ते शेवटचा पुरावा समजत होते ती खरं तर चांगली खूण होती.

ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांनी जातात. त्या वाचवून करायचं ऑपरेशन १९८२ साली अमेरिकेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी पहिल्यांदा केलं. पण वाचवलेली नससुद्धा हाताळणीने, ताणाने दुखावते आणि फार सावकाश सुधारते. लघवीचा हिशेब महिन्यांचा, हा वर्षांचा. दीड-दोन वर्षंही लागतात. चौथ्या महिन्यात निकाल लावणं म्हणजे पेरून आठवड्याने कणीस शोधणं. आपल्या सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: नसा दोन्ही बाजूंच्या वाचवल्या, एका, की एकही नाही? काकांची एक बाजू वाचली होती. त्यात वय आणि मधुमेह. पूर्वीसारखं होईलच असं मी त्यांना सांगितलं नाही, कोणालाच सांगत नाही.

यातच त्यांनी एसटी स्टँडजवळची जाहिरात बघून ‘ताकदीच्या’ पुड्या आणल्या होत्या. मला या धंद्याचा राग आहे. अशा पुड्यांत कधी कधी न सांगता सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं असतं, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्यामुळे धोकादायक रीतीने घसरू शकतो. हीच औषधं युरोसर्जन, म्हणजे लघवीच्या मार्गाचे सर्जन, तपासून, हृदयाची चौकशी करून देतात. काकांना त्यांनी त्याच जातीचं टाडालाफिल दिलं. गोळीने नसा लवकर बऱ्या होतात असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. असलेल्या नसांना ती मदत करते, आणि तीही मनात इच्छा असेल, स्पर्श असेल तरच. नुसती गिळून टीव्ही बघितला तर काही होत नाही.

दोघांना समोर बसवून मी एवढंच ठरवून दिलं: काही आठवडे संभोगाचा प्रयत्न करायचाच नाही. एका खोलीत झोपायचं, जवळ घ्यायचं, हात लावायचा. आधी लघवी करून यायचं, खाली गडद रंगाचा टॉवेल. सुखाच्या क्षणी थोडी लघवी सुटू शकते, हे काकूंना माझ्यादेखतच सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘एवढंच होय? आम्ही पोरं वाढवलीत.’ काका पहिल्यांदा हसले. हसताना आधी आवळलं का, मी विचारलं. आवळलं होतं.

ऑपरेशनला आता सव्वा वर्ष होऊन गेलं. घरात पॅड लागत नाही, बाहेर जाताना एक पातळ. यंदा सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत नातवाला फिरवून आणलं. वर्षानंतरही बरंच गळत असतं तर आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवायचं ऑपरेशन असतं, तशी वेळ आली नाही. मात्र लघवीची धार बारीक होत गेली, जळजळ झाली, ताप किंवा रक्त आलं तर थांबायचं नाही, हे त्यांना पाठ आहे.

ताठरता गोळीने अर्धवट येते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हॅक्यूम पंप, म्हणजे लिंगात रक्त ओढून ताठरता आणणारं साधन, घेतला. पहिल्यांदा दोघांना हसू आवरेना, आता जमतो. काकूंनाही पाळी गेल्यापासून कोरडेपणाचा त्रास होता, तो त्यांनी आजवर कुणाला सांगितलाच नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना क्रीम दिलं. परवा आले तेव्हा काकांनी लिंगात घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारलं. मी समजावलं: डोस डॉक्टरच ठरवतात, टोचायला तेच शिकवतात, आणि ताठरता चार तास उतरली नाही तर थेट दवाखाना गाठायचा. काका विचारात पडले. काकू पर्स उचलत म्हणाल्या, ‘आधी पंपाचे पैसे वसूल होऊ देत.’