‘प्लीहा बळकट करा’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील 46 वर्षांची गृहिणी आहे. पावसाळा लागला की माझे अंग जड पडते, जेवणानंतर पोट फुगते आणि सकाळी जिभेवर पांढरा, चिकट थर दिसतो. सुरतला नोकरी करणाऱ्या मुलाने चिनी वनस्पतींच्या चहाचे पाकीट आणून दिले आहे. हा चहा शरीरातील ओलावा काढून प्लीहा बळकट करतो, असे तो सांगतो. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमच्या शेतात निंदणीला येणाऱ्या बाईच्या सहा वर्षांच्या मुलाची प्लीहा वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. चहा मी घ्यावा का, आणि त्यालाही द्यावा का?

उत्तर : ताई, आधी त्या मुलाविषयी लिहितो, कारण तिथे उशीर परवडणारा नाही. त्याला हा चहा देऊ नका. डॉक्टरांच्या हाताला लागलेली प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा, रक्त गाळणारा अवयव. तो हिवतापात वाढतो आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही वाढतो. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजांत, सिकलसेलचे रुग्ण बरेच आढळतात. म्हणून या दोन्ही तपासण्या झाल्या आहेत का, हे त्याच्या आईला विचारा. झाल्या नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. मूल एकाएकी पांढरेफटक पडले, गळून गेले आणि डावीकडे पोट फुगू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायला सांगा, कारण सिकलसेलमध्ये प्लीहेत अचानक रक्त साठून जीव धोक्यात येऊ शकतो.

पाकिटावरची प्लीहा वेगळी आहे. चिनी वैद्यकात ‘पी’ हा शब्द अवयवापेक्षा त्याला जोडलेल्या कार्यासाठी वापरला जातो : खाल्लेल्या अन्नाचे रूपांतर करणे आणि त्यातील सार शरीरभर पोहोचवणे. हे काम मंदावले की पाणी जागच्या जागी साचते आणि त्यालाच ते ‘ओलावा’ म्हणतात. पंचतत्त्वांपैकी माती हे ‘पी’चे तत्त्व मानले आहे, आपल्या काळ्या जमिनीत निचरा झाला नाही की ती चिबड होते, तशीच ही कल्पना आहे. जड अंग, फुगलेले पोट, चिकट थराची आणि कडेला दातांचे ठसे उमटलेली जीभ ही त्याची लक्षणे ते सांगतात. आयुर्वेदातील अग्निमांद्य (मंदावलेली भूक-पचन) आणि आम (नीट न पचलेल्या अन्नाचा साचलेला अंश) यांची आठवण होणे साहजिक आहे, पण दोन्ही शास्त्रे एकच समजू नयेत. हा ओलावा कोणत्याही रक्ततपासणीत मोजता येत नाही. तेव्हा दर पावसाळ्यात येणाऱ्या थकव्यासाठी एकदा हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या.

या विचाराला ठळक रूप दिले ते चिनी वैद्य ली दोंगयुआन (1180–1251) यांनी. 1232 साली मंगोल फौजांनी चीनमधील काइफेंग शहराला वेढा घातला, तेव्हा तिथे असंख्य माणसे दगावली. बाहेरून आलेल्या रोगापेक्षा उपासमार, अतिश्रम आणि धास्ती यांनी जठर आणि ‘पी’ आतूनच खचले होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण इथे वैद्य औषधाच्या आधी माणसाचे जेवण आणि कष्ट पाहतो. तुम्हीही दिवसभर शेतात राबून रात्री दहाला जेवत असाल, तर पाकीट उघडण्याआधी जेवणाची वेळ अलीकडे आणा.

चिनी परंपरेत या तक्रारीवर कच्चे, गार, गोड आणि तेलकट कमी करायला सांगतात. श्रावणी सोमवारी सकाळी केळ्याचे शिकरण आणि दुपारी शेंगदाण्याच्या कुटात माखलेली साबुदाण्याची खिचडी असा उपवास घडत असेल, तर पोटाला विसावा मिळत नाही. उपवास सोडताना ज्वारीच्या कण्या भरपूर पाण्यात मऊ शिजवून, जिरे आणि चिमूटभर सुंठ घालून गरम प्या. शेवभाजी वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही, पण तिच्यावरची तर्री पावसाळ्यात काढून ठेवा. त्यांच्या जुन्या पाचक चूर्णातही वाल, कमळबी आणि कोनफळाच्या जातीचा एक कंद आहे. म्हणजे अर्धे औषध स्वयंपाकघरातलेच आहे.

आता तुमच्या चहाबद्दल. अशा मिश्रणांत ज्येष्ठमध बरेचदा असतो आणि तो नियमित पोटात गेल्यास रक्तदाब वाढतो, रक्तातील पोटॅशियम घटते. गोळी चालू असताना हा धोका पत्करू नका. मुलाकडून पाकिटावरचे सर्व घटक मराठीत लिहून घ्या आणि ती यादी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. यादीत ज्येष्ठमध असेल, किंवा घटक छापलेलेच नसतील, तर तो चहा घेऊ नका. गोळी मात्र एकही दिवस चुकवू नका.