एआय आलं तर लाइट जायची थांबेल का?

प्रश्न : मे महिन्यात रात्री जेवायला बसलो की हमखास लाइट जाते, कूलर बंद, पोरं घामाघूम. आता म्हणे विजेतही एआय येणार, आम्हाला काय फायदा?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : एआय काही वीज बनवत नाही हो, ते अंदाज लावतं. आपल्याकडे विजेचा हिशोब 15-15 मिनिटांच्या ब्लॉकमधे चालतो, दिवसाचे 96, आणि कुठल्या ब्लॉकला किती लागेल ते वीज कंपनीला आदल्या दिवशीच सांगावं लागतं, कारण कोराडीच्या वीज केंद्रातला कोळशाचा संच म्हणजे काही गॅसची शेगडी नाही की कान पिळला आणि वाढला. मागणी-पुरवठा जुळला नाही की ग्रिडची, म्हणजे वीज वाहणाऱ्या सगळ्या जाळ्याची, 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी हलते. एआयचं मॉडेल जुना लोड, म्हणजे आधी किती वीज लागली ते, तापमान, सुट्ट्या सगळं बघतं. गंमत कूलरची आहे, हवा दमट झाली की कूलर नुसताच घरघरतो आणि लोक एसी लावतात, लोड एकदम चढतो, त्यात संध्याकाळी छतावरचं सोलर झोपलेलं. हे आधी कळलं तर वीज वेळेवर घेता येते.

पण तुमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मरच ओव्हरलोड असेल तर? तिथे मीटर असेल तर त्याच्या डेटावरून एआय आधी सांगू शकतं, बदलायला मात्र माणूसच यावा लागतो.