दुचाकीवरील सुरक्षेचा पेहराव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. कारखाना घरापासून जवळच असून शहरातील रहदारीत गाडी चाळिसाच्या वर जातच नाही. रस्त्याच्या कडेला तीनशे रुपयांना घेतलेले हेल्मेट तो वापरतो, आणि तेही पुष्कळदा आरशालाच अडकवलेले असते. एवढ्या कमी वेगाला चांगल्या हेल्मेटची खरोखर गरज आहे का? असल्यास ते ओळखावे कसे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गरज आहे, आणि ती केवळ गाडीच्या वेगामुळे नाही. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते, आणि एवढ्या उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सिग्नलला उभी असलेली गाडी कलंडली आणि डोके दुभाजकाच्या दगडावर आदळले, तरी कवटीला आणि तिच्या आतील मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. गाडीचा वेग या आघातात भर घालतो, पण वेग कमी आहे म्हणून मूळचा आघात टळत नाही.

हेल्मेटचे काम दोन थरांत चालते. बाहेरचे कठीण कवच आघात एका बिंदूवर न ठेवता मोठ्या भागावर पसरवते, आणि आतील थर्माकोलचा जाड थर चेपला जाऊन डोके थांबण्याचा वेळ वाढवतो. मेंदूच्या दृष्टीने हा सेकंदाचा अतिशय लहान अंशच निर्णायक असतो. रस्त्याकडेच्या हेल्मेटांत हा दुसरा थर अनेकदा नसतोच. प्लास्टिकच्या टोपल्याला आतून स्पंज चिकटवलेला असतो. हेल्मेट घेताना आतील कापडी अस्तर बाजूला सारून अंगठ्याने दाबून पाहावे. घट्ट, दाणेदार थर्माकोल हाताला लागला नाही, तर ते हेल्मेट परत ठेवावे. भारतीय मानक आयएस ४१५१ नुसार आयएसआय चिन्ह नसलेली दुचाकीची हेल्मेटे बनवण्यास आणि विकण्यास १ जून २०२१ पासून बंदी आहे. चिन्हाचे बनावट स्टिकरही बाजारात मिळत असल्याने, चिन्हाखालील ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासून घ्यावा. या तपासणीला दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

यापुढची गोष्ट किमतीपेक्षाही महत्त्वाची आहे, आणि दुर्दैवाने तिकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हेल्मेट डोक्याला बरोबर बसले पाहिजे आणि त्याचा पट्टा लावलेला असला पाहिजे. भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर टेपने मोजून त्या मापाचे हेल्मेट घालावे. गालांजवळची गादी गालांना चेपून बसली पाहिजे. नवे हेल्मेट थोडे आवळल्यासारखे वाटणे योग्यच आहे, मात्र कपाळावर एखाद्या ठिकाणी दुखता कामा नये. नंतर पट्टा लावून, मागच्या बाजूने हेल्मेटची खालची कड धरून ते पुढे ओढावे. ते डोक्यावरून निघून आले, तर अपघातातही असेच निघून येणार हे निश्चित समजावे. कित्येक अपघातांत हेल्मेट रस्त्यावर एकीकडे आणि चालक दुसरीकडे असे दृश्य दिसते, त्यामागे बहुतेक वेळा सैल माप किंवा न लावलेला पट्टा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे असे स्पष्ट म्हटले आहे.

शक्य असेल तर संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेटच घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जर्मनीत हॅनोव्हर येथे अपघात-संशोधक डिटमार ओटे यांनी अभ्यासलेल्या अपघातांत हेल्मेटवरील आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर झाले होते, आणि अर्ध्या हेल्मेटमध्ये नेमका तोच भाग उघडा राहतो.

हेल्मेटच्या उपयुक्ततेविषयी आता शंकेला जागा उरलेली नाही. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स हे मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून दगावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स या शल्यविशारदांनी पुढे ब्रिटिश लष्करातील निरोप्या मोटरसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानुसार अपघात झाल्यास हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटला यातले काहीच लागू होत नाही, हे आपल्या मुलाला एकदा शांतपणे बसवून सांगावे.

प्रश्न : मी सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलने कास, महाबळेश्वर, कोयनानगर अशा बाजूंना फिरतो. हेल्मेट चांगले आहे. आता बारा-तेरा हजार रुपये बाजूला काढले आहेत, त्यांत चांगले जॅकेट घ्यावे असा विचार आहे. हा क्रम योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सगळी रक्कम एका जॅकेटवर खर्च करू नये, असे मला वाटते. गाडीवरून पडणारा माणूस आपोआप हात पुढे टेकतो, त्यामुळे तळहाताची कातडी आणि मनगट हे पहिल्याने सापडतात. पाय गाडीखाली अडकतो, तेव्हा घोट्याला मार बसतो. तळहात आणि घोटा या दोन्ही जागा बऱ्या व्हायला वेळ लागतो आणि त्यांच्यावाचून रोजचे एकही काम होत नाही. म्हणून तळहातावर दुहेरी कातडे किंवा कठीण पट्टी असलेले, मनगटाला पट्ट्याने आवळता येणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे, सहज न वळणारे बूट आधी घ्यावेत; उरलेल्या रकमेत मध्यम किमतीचे जॅकेट आणि गुडघ्याचे पॅड घ्यावेत. चपला घालून घाट उतरणारे आणि अंगात मात्र भारी जॅकेट असलेले स्वार मी पुष्कळ पाहतो, आणि दर वेळी काळजी वाटते.

जॅकेटच्या आतील चिठ्ठीवर ईएन १७०९२ हे युरोपीय मानक आणि त्यातील वर्ग लिहिलेला असतो. यांत एएए हा सर्वांत कणखर, त्याखालोखाल एए आणि नंतर ए. कोपर, खांदा आणि गुडघा येथील पॅडवर ईएन १६२१-१ असा उल्लेख आणि पातळी १ किंवा २ असते. पातळी २ मधून शरीरापर्यंत कमी आघात पोहोचतो. जॅकेटच्या पाठीच्या खिशात अनेकदा साध्या फोमचा तुकडाच घातलेला असतो. तो पाठीचे संरक्षण करीत नाही, त्यामुळे ईएन १६२१-२ मानकाचे पाठीचे पॅड वेगळे विकत घेऊन तिथे बसवावे. दुकानात उभे राहून जॅकेट अंगावर चढवणे पुरेसे नाही. गाडीवर बसल्याप्रमाणे हात पुढे करून कोपराचे पॅड धरून फिरवून पाहावे. ते कोपरावरून सरकून दंडाच्या आतल्या बाजूला जात असेल, तर घसरतानाही तिकडेच जाईल. जॅकेट अंगाला घट्ट असण्यावर भर द्यावा, पुढच्या हिवाळ्यात आत स्वेटर बसावा म्हणून एक माप मोठे घेऊ नये.

अशा कपड्यांकडून किती अपेक्षा ठेवावी, याचेही भान असावे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या स्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटरसायकलसाठी बनवलेली जॅकेट, पँट आणि हातमोजे वापरणाऱ्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली, पण हाडे मोडण्याच्या प्रमाणात तसा फरक आढळला नाही. शिवाय अशा कपड्यांपैकी चारांतून एकाहून अधिक कपडे अपघातात फाटून निकामी झाले होते. खरडणे, सोलपटणे आणि त्यातून होणारा जंतुसंसर्ग यांपासून कपडे वाचवतात. वेगाने कठड्यावर आदळल्यास त्यांचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून केळघर घाटातील वळणावर नवे जॅकेट अंगात आहे या भरवशावर गाडी दामटू नये.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात हेल्मेट सहन होत नाही. मी स्कूटरवर मागे बसते, बहुधा साडी असते, केसांचा अंबाडा असतो आणि पुढे माझी तीन वर्षांची नात उभी असते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच का? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : होय, हवेच. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, मागे बसलेली असली तरी, कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना तेवढी सूट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा देशभरात मृत्यू झाला, आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. पुढे हँडल धरून बसलेल्याला निदान समोरचा धोका दिसतो. मागे बसलेल्याला तोही दिसत नाही, आणि एका बाजूला पाय सोडून बसल्यास तोल सर्वांत आधी जातो.

अंबाडा हेल्मेटमध्ये बसत नाही आणि हेल्मेट वर उचलून धरतो, त्यामुळे ते कपाळावरून मागे सरकते. प्रवासापुरती मानेच्या खाली सैल वेणी घालावी. स्कार्फाचे तीन-चार वेढे देऊन त्यावर हेल्मेट चढवल्यास माप बिघडते. त्याऐवजी पातळ सुती टोपी आत घालावी. ती घाम टिपते आणि रोज धुता येते. ऊन तीव्र असताना हवेची छिद्रे असलेले फिक्या रंगाचे हेल्मेट निवडल्यास त्रास कमी होतो. हा त्रास पुरता थांबेल असा एखादा उपाय मात्र माझ्यापाशी नाही, आणि थोडा घाम सोसावा लागेल, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

साडी नेसून बसताना पदर आणि निऱ्या खोचून घ्याव्यात, आणि मागच्या चाकावरील साडी-गार्ड जागेवर आहे याची खात्री करावी. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून निम्म्या चाकाला आवरण, हाताला पकड आणि पायाला आधार असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेले आहे. गाडी सुबक दिसावी म्हणून तरुण मुले हे गार्ड काढून टाकतात. आपल्या घरच्या गाडीचे काढले असेल, तर या आठवड्यातच पुन्हा बसवून घ्यावे.

नातीला पुढे उभे करणे कृपया थांबवावे. अचानक ब्रेक लागल्यास ती हँडलवर आदळते. चार वर्षांखालील मुलासाठी त्याला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा-पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसलेला वेग हे नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी सायकलचे लहान हेल्मेटही नियमात चालते, आणि ते वजनाने हलके असते.

प्रश्न : हेल्मेट हातातून पडले, वरून फक्त ओरखडा दिसतो. बदलावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : टेबलावरून रिकामे पडले असल्यास सहसा बदलण्याचे कारण नाही. डोक्यात असताना आघात झाला असेल, तर बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे, कारण चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. काच स्वच्छ करताना पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे.

प्रश्न : अपघातग्रस्ताचे हेल्मेट लगेच काढावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : श्वास नीट चालू असेल, उलटी होत नसेल, तर काढू नये. काच वर करावी, मान हलू न देता डोके दोन्ही बाजूंनी धरून ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मानेच्या मणक्याला इजा असल्यास हेल्मेट ओढून काढताना कायमचे अपंगत्व येऊ शकते. श्वास अडखळत असेल आणि काढणे भागच असेल, तर दोन माणसे हवीत : एकाने पुढच्या बाजूने हनुवटी आणि मानेचा मागचा भाग घट्ट आधाराने धरावा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेटच्या कडा बाहेरच्या बाजूस ताणत ते सावकाश वर घ्यावे. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने थांबू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४अ अशा व्यक्तीला संरक्षण देते. काढलेले हेल्मेट फेकून न देता रुग्णाबरोबर रुग्णालयात पाठवावे, कारण आघात कुठे झाला हे डॉक्टरांना त्यावरील खुणांवरून कळते.