तोंडाचा वास, पुदिन्याची बिस्किटं आणि एक हळूच लिहिलेलं वाक्य

प्रश्न : डॉक्टर, आमचा कुत्रा बंड्या सहा वर्षांचा आहे, वजन साधारण दहा किलो. गेले काही महिने त्याच्या तोंडाला इतका वास येतो, की तो लाडात येऊन जवळ बसला तरी मान वळवावी लागते. मुलीने पुदिना, पार्सली आणि खोबरेल तेल घालून घरी केलेल्या बिस्किटांचा व्हिडिओ पाहिला. विकतच्या खाऊपेक्षा घरचं बरं, असं आम्हालाही वाटतं. प्रमाण सांगाल का? आणि किती दिवसांत फरक पडेल? बाकी तब्येत उत्तम आहे, जेवतोही नीट. फक्त हल्ली कडक काही दिलं की एकाच बाजूने चावतो आणि अर्धं खाली टाकतो. वयामुळे असेल. – बंड्याची आई

उत्तर : प्रमाण देते, अगदी ग्रॅममध्ये देते. पण तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच सरकवलेलं वाक्य मी आधी घेणार. सहा वर्षं म्हणजे कुत्र्याचं म्हातारपण नाही. तोंडाला वास येतोय, एका बाजूने चावतोय आणि कडक खाऊ तोंडातून पडतोय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की दुसऱ्या बाजूला दुखतंय असंच मी धरून चालते. ‘जेवतो नीट’ हे मला जवळजवळ प्रत्येक पालक सांगतो आणि ते खरंही असतं. दात हलायला लागला तरी बहुतेक कुत्री जेवण सोडत नाहीत. बाजू बदलतात, न चावता गिळतात आणि भांडं चाटूनपुसून लख्ख करतात. दुखणं लपवण्यात ही मंडळी आपल्यापेक्षा फार पटाईत.

आज बंड्या पेंगुळला असेल तेव्हा त्याला चांगल्या उजेडात घेऊन बसा. जबडा उघडायच्या भानगडीत पडू नका. ओठाचा कोपरा बोटाने नुसता वर आणि मागे सरकवा. वरच्या जबड्यात, डोळ्याच्या साधारण खाली, एक मोठी टोकदार दाढ दिसेल. लाळेची नळी तिच्या आसपासच उघडते, म्हणून किटण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तिथे बसतं. दाढ पांढरी आहे की हिरड्यालगत पिवळा-तपकिरी थर आहे? हिरडी गुलाबी आहे की दाताला टेकते तिथे लाल रेघ ओढल्यासारखी दिसते? मग दुसरी बाजूही पाहा. ज्या बाजूने तो चावत नाही, तिथे बहुधा थर जाड असेल, कारण चावताना होणारी थोडीफार घासणीही तिथे थांबलेली असते. हात लावल्यावर गुरगुरला किंवा तोंड ओढून घेतलं तर तिथेच थांबा. उत्तर मिळालं असं समजा.

आता वास येतो कुठून ते सांगते. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर बसायला लागतो. लाळेतले क्षार त्यात मुरले की दोन-तीन दिवसांत त्याचं टणक किटण व्हायला सुरुवात होते. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे दातांना कीड लागण्याचं प्रमाण कमी, पण किटण धरण्याचा वेग जास्त. हा थर हिरडीच्या खाली उतरला की तिथे हवा पोचत नाही. अशा जागी वाढणारे जंतू अन्नातली, लाळेतली आणि सुजलेल्या हिरडीतली प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड त्यातलाच.

म्हणजे वासाचं मूळ हिरडीच्या खाली आणि तुमचं बिस्किट तोंडात फार तर तीन सेकंद. फरक किती दिवसांत पडेल असं विचारलंत ना? पुदिन्याचा परिणाम मिनिटांत मोजायचा. खाल्ल्या खाल्ल्या तोंडाला पुदिन्याचा वास येतो, तुम्हाला वाटतं जमलं, आणि थोड्या वेळाने बंड्या पुन्हा जवळ येऊन बसतो.

तेव्हा आधी त्याला पशुवैद्यांकडे न्या. किटण असेल तर ते भूल देऊन, हिरडीच्या खालून काढावं लागतं. दाताचा बराचसा भाग हिरडीच्या आत असतो, म्हणून एक्स-रेही काढावा लागतो. भुलीशिवाय दात खरवडून देणारेही भेटतात. त्याने दिसणारा भाग चकचकीत होतो, घाण होती तिथेच राहते आणि पालक वर्षभर निर्धास्त. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. भुलीआधी रक्त तपासतात, त्याचाही फायदाच आहे, कारण तोंडाला येणारा प्रत्येक वास दातांचा नसतो. श्वासाला अमोनियासारखा, लघवीसारखा वास आणि पाणी पिणं वाढलेलं असेल तर मूत्रपिंडाची शंका घ्यावी लागते. गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येत असेल आणि सोबत मरगळ किंवा उलट्या असतील तर मधुमेह फार चिघळलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

हे सगळं मार्गी लागेपर्यंत खाऊ बंद करायची गरज नाही, पण तो मऊ हवा. व्हिडिओतली कडकडीत बिस्किटं बंड्याला सध्या देऊ नका.

दीडशे ग्रॅम ओट्स मिक्सरमधून पिठासारखे फिरवून घ्या. त्यात एक अंडं, साधारण पन्नास ग्रॅम बारीक किसलेलं गाजर, दोन मोठे चमचे अगदी बारीक चिरलेली पुदिन्याची पानं आणि एक छोटा चमचा खोबरेल तेल घाला. मीठ नाही, साखर नाही, मधही नको. लागेल तसं पाणी घालून मळा. गोळा सुरुवातीला बोटांना इतका चिकटतो की वैताग येतो, आणि वरून पीठ घालत सुटायचा मोह होतो. घालू नका. झाकून दहा मिनिटं ठेवा, ओट्स पाणी ओढून घेतात आणि तोच गोळा पोळपाटावर बिनबोभाट लाटला जातो. एक सेंटिमीटर जाडीचं लाटून दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन कापा, सत्तरएक होतील. ओव्हन आधी तापवून १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. कडेने कोरडे आणि मधे दाबले की दबणारे असे हवेत. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर वाफ धरते आणि बुरशी येते. यात टिकवणारं काहीच नाही, त्यामुळे चार-पाच दिवसांपुरते फ्रिजमध्ये आणि बाकीचे फ्रीझरमध्ये ठेवा.

पार्सली मी मुद्दाम घातली नाही. चिमूटभर चालते, पण तिच्यात ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून मूतखडा होऊन गेलेल्या कुत्र्याला ती नकोच. पुदिन्याची पानं घ्या, पुदिन्याचा अर्क किंवा सुगंधी तेल कधीही नाही. दोन्हीला पुदिना म्हणत असले तरी पोटात गेल्यावर त्यांचं वागणं अगदी वेगळं. खोबरेल तेलाबद्दल फार काही बोललं जातं. इथे ते पीठ सुटं व्हावं एवढ्यासाठीच आहे. एका छोट्या चमच्यात चाळीसएक कॅलरी असतात, आणि स्वादुपिंडाला कधी सूज आली असेल तर तेल पूर्ण वगळा. कुणी लसूण घाला म्हटलं तर ऐकू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर.

असा एक चौकोन साधारण दहा कॅलरीचा होतो. दिवसभराचा सगळा वरखाऊ मिळून एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा असा आमच्याकडे दंडक आहे. बेताने पळणाऱ्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे सहा चौकोन ही कमाल मर्यादा, आणि त्यात तुम्ही जेवताना टेबलाखालून जे जातं तेही धरलेलं आहे!

पण या बिस्किटांचा खरा उपयोग पुढेच आहे. दात साफ होऊन हिरड्या बऱ्या झाल्या आणि पशुवैद्यांनी हिरवा कंदील दाखवला, की ती ब्रशची मजुरी म्हणून द्यायची. आधी काही दिवस नुसता ओठ उचलायचा आणि बिस्किट. मग बोटाला ओला गॉज गुंडाळून ती मोठी दाढ पुसायची आणि बिस्किट. मग मऊ ब्रश. दातांची बाहेरची बाजू तेवढी घासली तरी पुष्कळ, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम आहे, पण ते रोज व्हायला हवं. रविवारी एकदा घासून उपयोग नाही, तोवर थराचं किटण झालेलं असतं. पुदिना असो वा नसो, ज्या बिस्किटामुळे कुत्रा ब्रशसाठी स्वतःहून येऊन बसतो, ते माझ्या मते तोंडाच्या वासावरचं सगळ्यात गुणकारी बिस्किट.

विकत काही चघळायला आणायचंच असेल तर पाकिटावर ‘व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल’चा शिक्का आहे का ते बघा. थर किंवा किटण कमी होतं याचे चाचण्यांचे पुरावे दिल्यावरच तो मिळतो. आणि अंगठ्याचं नख रुतणार नाही इतकी टणक वस्तू, मग ती हाड असो, शिंग असो की खूर, चघळायला देऊ नका. तुम्ही आत्ता शोधलीत तीच मोठी दाढ अशाने फुटते.

प्रश्न : आमच्या कुत्रीला घरातलीच टूथपेस्ट थोडी लावली तर चालेल का? तिला चव आवडते.

उत्तर : नाही. आपण चूळ भरून थुंकतो, ती सगळी गिळणार. फेस आणणारी द्रव्यं आणि फ्लोराइड तिच्या पोटासाठी नाहीत, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल ही गोडी असते. माणसाला ती निरुपद्रवी, पण कुत्र्याची रक्तातली साखर ती अनेकदा अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीला आणते, मोठ्या मात्रेत यकृतही निकामी करते. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्येही ती असते, कधी ‘बर्च शुगर’ या नावाने. बिस्किटांत पीनट बटर घालणाऱ्यांनी डब्यामागची यादी वाचूनच घालावं. कुत्र्यांसाठीची पेस्ट वेगळी मिळते. ती नसेल तर नुसतं पाणी आणि ब्रश. काम घासण्याने होतं.

प्रश्न : पिल्लू पाच महिन्यांचं आहे. तोंडाला विचित्र वास येतो, खेळण्यावर रक्ताचे ठिपकेही दिसले. घाबरायचं का?

उत्तर : बहुधा नाही, दात बदलताहेत. दुधाचे २८ दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. पडलेले दात ते अनेकदा गिळून टाकतं, त्यानेही काही होत नाही. या काळात चघळायला मऊ वस्तू द्या आणि ब्रशची सक्ती नको, नुसती ओठ उचलू देण्याची सवय लावा. लक्ष मात्र सुळ्यांवर ठेवा. कायमचा सुळा वर आला आणि दुधाचा अजून शेजारी उभाच असेल, तर दोघांच्या फटीत अन्न अडकतं आणि नवा दात वाकडा येतो. लहान जातींत हे जास्त दिसतं. असं दिसलं तर आपोआप पडेल म्हणून वाट बघू नका, काढून घ्यायला घेऊन या.