नव्या डिस्कवर सगळं आलं, हे कशावरून?

(वाचकांच्या कॉम्प्युटरविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देणारे सदरलेखक कोल्हापूरच्या राजारामपुरीत पंचवीस वर्षांहून जास्त काळ दुरुस्तीचं दुकान चालवतात.)

प्रश्न : शाहूपुरीत आमचा लग्नपत्रिका छापायचा छोटा प्रेस आहे. कॉम्प्युटर २०१२ सालचा, विंडोज ७, हार्ड डिस्क ५०० जीबीची. सुरू व्हायला दहा-बारा मिनिटं घेतो म्हणून ४८० जीबीची नवी एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क) आणली. पुतण्यानं सी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट करून नव्यावर कॉपी केलं. काही फायली जात नव्हत्या, त्या सोडून दिल्या. नवी डिस्क जोडली तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात आणि गाडी तिथंच थांबते. एवढ्या वर्षांच्या पत्रिका, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली, मराठी फाँट, उधारीची वही, सगळं जसंच्या तसं नव्यावर हवं आहे. काय करू?

उत्तर : दादा, जुनी डिस्क अजून चालतेय ना? मग तुमचं काहीच गेलेलं नाही. फक्त आजपासून तिच्यावर नवीन काम करू नका. तिच्यातून वाचायचं, तिच्यावर लिहायचं नाही, एवढं पाळा.

पुतण्याचं कुठं अडलं ते आधी सांगतो. विंडोज चालू असताना स्वतःच्या कितीतरी फायली धरून बसलेलं असतं, त्या कॉपी होत नाहीत. त्याखेरीज विंडोज ७ डिस्कच्या सुरुवातीला बहुतेक वेळा १०० एमबीचा एक छोटा भाग (पार्टिशन) वेगळा ठेवतं. त्याला सी, डी असं अक्षर नसतं, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही. कॉम्प्युटर सुरू करायची किल्ली तिथं असते. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', मग 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. सी ड्राइव्हच्या डावीकडं 'सिस्टीम रिझर्व्ह्ड' नावाचा एक बारका चौकोन दिसेल. कॉपी-पेस्टनं तो येत नाही. त्यासाठी डिस्कचं क्लोन करावं लागतं, म्हणजे सगळे भाग, लपलेले धरून, आहेत तसे नव्यावर उतरवायचे.

पण क्लोनच्या आधी दोन कामं आहेत.

पहिलं, जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवता येतं. वर निळा रंग असला की बरं आहे, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे घाई करा. रंगावर मी थांबत नाही. 'रिअलोकेटेड सेक्टर्स', 'करंट पेंडिंग' आणि 'अनकरेक्टेबल' या तीन ओळी बघतो. त्यांच्या शेवटच्या रकान्यात नुसती शून्यं असतील तर निवांत पुढं जा. पेंडिंगसमोर आकडा दिसला, तर डिस्कला काही जागा वाचताना त्रास होतोय असं समजा. मग क्लोनचा विचार नंतर.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. एक वेगळी एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि जे जगात दुसरीकडं कुठंच नाही ते आधी तिच्यावर उतरवा. विंडोज पुन्हा टाकता येतं, कोरल पुन्हा टाकता येतं. तुमच्या कोरलच्या सीडीआर फायली आणि उधारीची वही पुन्हा मिळणार नाही. डेस्कटॉपवरची फोल्डरं विसरू नका, आपल्याकडं निम्मा धंदा डेस्कटॉपवरच असतो. हिशेब टॅलीत असेल तर टॅलीतूनच बॅकअप घ्या, शिवाय डेटाचं फोल्डरही वेगळं उचला. डिस्क बदलली की टॅलीचं लायसन पुन्हा अॅक्टिव्हेट करायला लागू शकतं, म्हणून आयडी आणि पासवर्ड आधीच कागदावर लिहून ठेवा.

आता फाँट. पत्रिकेच्या धंद्यात घात होतो तो इथं. तुमच्या जुन्या फायली बहुधा युनिकोडपूर्व फाँटमधल्या असणार, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक मिळायच्या आधीच्या. तसल्या फायलीत 'श' असं अक्षर साठवलेलंच नसतं, साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. फाँट त्याच्यावर 'श'चा आकार चढवतो. फाँट नसला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल शाबूत असते, वाचायला मात्र काहीच उरत नाही. एका प्रेसवाल्यांनी फायली सगळ्या नेल्या आणि जुनी डिस्क फॉरमॅट केली. फाँट राहिला होता. दोन महिने ते छापलेली जुनी पत्रिका समोर ठेवून मजकूर पुन्हा बडवत होते. म्हणून विंडोजच्या आतलं 'फाँट्स' फोल्डर आख्खं उचला. श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे लायसनसाठी पोर्टला लावायच्या छोट्या किल्लीवर, चालत असेल तर तो डोंगल मागच्या पोर्टमधून काढून डबीत ठेवा. कॅबिनेट मागेपुढे करताना तुटला तर क्लोनचा उपयोग नाही. आणि ज्या पत्रिका परत परत मागितल्या जातात त्यांची, सवड काढून, पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट बसवलेला असला की अक्षरं बिघडत नाहीत.

हे झालं की क्लोन.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. जुनी ५०० जीबी, नवी ४८०. विंडोजमध्ये त्या ४६५ आणि ४४७ दिसतील. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा कमी दिसतो. त्यात फसवणूक नाही. पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे ही गोष्ट खरी. क्लोनझिला नावाचं चांगलं, मोफत सॉफ्टवेअर आहे, पण त्याला नेहमीच्या रीतीनं नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते. तुम्ही जुन्यावरचं पार्टिशन आवळायच्या भानगडीत पडू नका, ते जुन्या डिस्कवर लिहिणंच झालं. बऱ्याच एसएसडी कंपन्या आपापलं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत देतात. ते भाग नव्या मापात बसवून घेतं. अट एकच, भरलेला माल नव्या डिस्कमध्ये मावला पाहिजे. जुन्यावर २८० जीबी भरलेलं असेल तर आरामात मावेल.

जोडताना यूएसबीच्या वायरीपेक्षा थेट मदरबोर्डला जोडा. २०१२ च्या कॅबिनेटमध्ये साटाचं, म्हणजे डिस्क जोडायचं, एखादं पोर्ट बहुधा मोकळं असतं. वायरीचं तोंड नीट बघा, आत इंग्रजी 'एल'च्या आकाराची खाच असते. रुंद पंधरा पिनांची वायर वीजेची, अरुंद सात पिनांची डेटाची. ती एकाच बाजूनं बसते. बसत नसेल तर उलटी धरलीय, जोर लावायचा नाही. त्या 'एल'ची प्लॅस्टिकची जीभ नखाएवढी पातळ असते. ती मोडलेल्या डिस्का माझ्याकडं येतात, आतली माहिती ठणठणीत आणि जोडायला तोंडच नाही.

आता सगळ्यात जपायची जागा. सॉफ्टवेअर विचारतं, कुठून आणि कुठं? सोर्स आणि डेस्टिनेशन. माझ्या हातून एकदा ते उलटं झालं. दोन्ही डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, रात्रीचे साडेदहा वाजलेले. मी रिकामी डिस्क भरलेलीवर उतरवली. एका घरच्या दोन मुलींच्या लग्नांचे फोटो त्यात होते. लक्षात येऊन बंद करेपर्यंत सुरुवातीचा भाग पुसून गेला होता. राहिलेल्यातून चार दिवस बसून जेवढे निघाले तेवढे काढून दिले. सगळे नाही निघाले. त्या घरच्या आईंनी मला एक शब्द बोलला नाही, आणि ते मला अजून लागून आहे.

तेव्हापासून मी जुन्या डिस्कवर लाल टिकली चिकटवतो आणि तिच्या लेबलवरच्या सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं कागदावर लिहून कीबोर्डशेजारी ठेवतो. बटण दाबायच्या आधी पडद्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर मोठ्यानं वाचतो. दुकानात कोणी असलं तर त्याला वाचायला लावतो. पडद्यावर नंबर नसेल तर भरलेली जागा बघा: डेस्टिनेशन रिकामं दिसलं पाहिजे. तुमच्या नव्या डिस्कवर पुतण्यानं केलेली कॉपी आहे, तेव्हा ती आधी साफ करून घ्या, म्हणजे घोटाळा नको. आणि दमलेले असाल तर हे काम सकाळवर टाका.

२८० जीबीला थेट जोडणीत साधारण तास-दीड तास धरा. यूएसबी २ च्या वायरीनं तेच अडीच-तीन तास. यूपीएस असू द्या. पावसाळ्यात तर त्याशिवाय सुरूच करू नका.

झाल्यावर कॉम्प्युटर बंद करा, जुनी डिस्क पूर्ण सोडवा आणि नवी तिच्याच पोर्टला लावा. दोन्ही एकदम ठेवायच्या नाहीत. क्लोन म्हणजे दोघींची ओळखखूण एकच, विंडोज गोंधळतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आहे तोच राहू द्या; आयडीई मोडवरून एएचसीआय केलं तर निळा पडदा येईल आणि तुम्हाला वाटेल क्लोन फसलं.

सुरू झालं म्हणजे सगळं आलं असं नाही. सर्वात जुनी पत्रिका उघडा, सर्वात जड फाइल उघडा, गेल्या आठवड्यातली उघडा. एक पत्रिका प्रत्यक्ष छापून बघा, जोडाक्षरं नीट येतात का ते कागदावर कळतं. उधारीच्या वहीतली शेवटची नोंद जुळते का बघा. असं महिनाभर काम करा. तोवर जुनी डिस्क तारीख लिहून पिशवीत ठेवून द्या.

पिशवी कुठं ठेवायची तेही सांगतो, कारण तुमचा प्रेस शाहूपुरीत आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत तुमच्या भागात पाणी कुठवर चढलं ते तुम्ही पाहिलंय. पाणी ओसरल्यावर माझ्या दुकानात चिखलानं भरलेल्या डिस्का पोत्यात घालून आणल्या होत्या. हार्ड डिस्कला हवा घ्यायला एक बारीक भोक असतं, पाणी तिथून आत जातं. ज्यांनी उन्हात वाळवून 'बघू तरी' म्हणून घरी वीज दिली, त्यांच्या डिस्का आतून खरवडल्या गेल्या. म्हणून एक प्रत प्रेसमध्ये आणि एक उंचावरच्या पाहुण्यांच्या घरी. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठतेय असं कानावर आलं, की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता मशिनच्या आधी ती डिस्क हलवा. ती खिशात मावते.

आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेची अपडेट्स नाहीत. पत्रिकेसाठी ते चालू द्या, पण बँकेचं काम त्या मशिनवर नको.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. ते भजनी मंडळात गात, त्यांची सगळी रेकॉर्डिंग त्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत. आता तो सुरू करताना आतून टक्-टक् आवाज येतो. शेजारचा मुलगा म्हणतो, नवी डिस्क आणा, सगळं हलवून देतो. आणू का?

उत्तर : बाई, लॅपटॉप पुन्हा सुरू करू नका. आज, उद्या, एकदाच बघण्यासाठीसुद्धा नको.

डिस्कच्या आत चकती फिरते आणि तिच्यावरून वाचणारा दांडा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतो. एकसारखी टक्-टक् म्हणजे बहुतेक वेळा त्या दांड्याला जागा सापडत नाही आणि तो परत परत मागं जाऊन येतोय. प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडा पडायची भीती. अशा डिस्कचं क्लोन करत नाहीत, विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं 'चेकडिस्क' चालवत नाहीत, आणि दुकानात टेबलावर उघडत तर अजिबात नाहीत, मी पण नाही. ती धूळ नसलेल्या खोलीत, डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच उघडावी लागते. द्यायच्या आधी लेखी विचारा: तपासणीचे किती, निघालं तर किती, निघालं नाही तर किती. मुलाला माझा निरोप द्या, त्याची माया कळते, पण त्याच्या हातात आता काही नाही.

लॅबला खर्च बराच येतो, म्हणून आधी एक करा. मंडळातल्या माणसांना फोन करा. पेटी वाजवणारे, पखवाजी, ज्यांच्या घरी सप्ताह व्हायचा ते. कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये, मेमरी कार्डात, जुन्या सीडीवर त्यांचा आवाज असणार. यजमानांचा ईमेल उघडता येत असेल तर पाठवलेल्या मेलमध्ये बघा. जे मिळेल त्याच्या लगेच दोन प्रती. मग काय राहिलं त्याची यादी घेऊन लॅबला जायचं का ते ठरवा. यादी घेऊन दुकानात आलात तर बसून बघू, त्याचे पैसे नाहीत.

प्रश्न : नव्या डिस्कवर सगळं आलं. जुनी भंगारवाल्याला दिली तर चालेल?

उत्तर : अशीच नको. 'क्विक फॉरमॅट'नं माहिती पुसली जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. त्यात आधार, पॅन, पासबुकाचे स्कॅन असणारच. नवी डिस्क महिनाभर नीट चालल्यावर जुनी दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून 'क्विक'ची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पुढं त्यात सगळीकडं शून्यं लिहिली जातात. ५०० जीबीला दोन-तीन तास लागतील. डिस्क चालतच नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये चकतीच्या आरपार ड्रिलनं दोन-तीन भोकं पाडून घ्या आणि मग द्या.