वजन तेच, बुलेट वेगळी: मग बंदुकीच्या दारूचं मापही तेच ठेवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, .३०८ विंचेस्टर रायफलची काडतुसं घरी भरता. आजवर शिशाच्या गाभ्याची १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) मॅच बुलेट, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीची, वापरलीत. तिथे शिकारीत शिशाच्या बुलेटांवर बंदी आहे, म्हणून आता रानडुकराच्या शिकारीसाठी १६८ ग्रेनचीच, पण पूर्ण तांब्याची बुलेट घेतली आहे. मग दारूचं जुनं माप चालेल का?

नाही चालणार. ते माप बाजूला ठेवा आणि या बुलेटसाठी पहिल्यापासून सुरुवात करा. मी अमेरिकेत बरीच वर्षं रिलोडिंग, म्हणजे घरी काडतुसं भरणं, करतो आहे, आणि नव्याने भरायला लागलेल्यांकडून हा प्रश्न वारंवार ऐकतो. डब्यावर वजनच सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, म्हणून तेच निर्णायक वाटतं. पण चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्यातला, दाब फक्त वजनावर ठरत नाही.

आधी लांबी बघा. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तांब्याची ८.९६. व्यास तर .३०८ इंचाला बांधलेला, त्यामुळे तेवढंच वजन भरायला तांब्याची बुलेट लांबच करावी लागते. तुमच्या जुन्या बुलेटवरही तांब्याचं आवरण आहे, म्हणून फरक घनतेच्या आकड्यांइतका पडत नाही. तरी दोन्ही शेजारी उभ्या केल्यात तर सहज दिसेल. आता अख्ख्या काडतुसाची लांबी वाढवायची म्हटलं तर मॅगझिन आडवं येतं; .३०८ साठी प्रमाणित कमाल लांबी २.८१० इंच आहे. मग जास्तीची लांबी जाते कुठे? आत, काडतुसाच्या पुंगळीत, दारूच्या जागेत. दारू तेवढीच आणि जागा कमी, म्हणजे दाब लवकर चढतो. त्यात धूरविरहित दारूचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि त्याने दाब पुन्हा वाढतो. म्हणून जागेतला थोडासा फरकही महागात पडतो. अमेरिकेतल्या सामी या मानक संस्थेने या काडतुसाला ६२,००० पीएसआयची मर्यादा घालून दिली आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ४,२०० पट. आणि हे सगळं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर घडत असतं.

दुसरं कारण धातूचं. बॅरलमधलं रायफलिंग (आतले वळणदार उंचवटे) बुलेटच्या अंगावर खाचा पाडतं. शिशाचा गाभा तिथे दबतो. अखंड तांबं तेवढं दबत नाही. म्हणूनच बऱ्याच तांब्याच्या बुलेटांच्या अंगावर गोल खोबणी कापलेल्या असतात, घासणारा भाग कमी व्हावा म्हणून. ही रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. त्यामुळे एका कंपनीच्या १६८ ग्रेन तांब्याच्या बुलेटचं माप दुसरीच्या १६८ ग्रेन तांब्याच्या बुलेटला लावणंही चूकच.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती नाकाच्या आकाराची. बुलेट पुंगळीत बसवणारा साचा, म्हणजे डाय, नाकावरच्या एका ठरावीक ठिकाणी दाबते. आकार बदलला की ते ठिकाण बदलतं, आणि डायला हात न लावताही बुलेट वेगळ्याच खोलीवर बसते. शिवाय बुलेटचा पूर्ण व्यासाचा भाग रायफलिंगपासून किती दूर राहतो हेही बदलतं. तो रायफलिंगला टेकलेला असेल तर दाब आणखी वाढतो. बार्न्स ही कंपनी आपल्या तांब्याच्या बुलेटांसाठी साधारण ०.०५० इंच अंतरापासून सुरुवात करायला सांगते. कंपॅरेटर (टोकाऐवजी पूर्ण व्यासाच्या भागापासून लांबी मोजणारं साधन) लावून मोजा. टोकापासून मोजलेली लांबी इथे फसवते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तुमच्याच बुलेटचं आणि तुमच्याच दारूचं माप बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये शोधा, आणि त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून निघा. फक्त कमाल माप दिलेलं असेल तर त्याच्या १० टक्के खालून निघा. सुरुवातीच्या मापाच्याही खाली मात्र जाऊ नका. काही मंद जळणाऱ्या दारू फार कमी भरल्यावर विचित्र वागतात. काटा ग्रेनवरच आहे ना, हे दर वेळी बघा, कारण एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन असतात. मग छोट्या टप्प्यांनी वर जा आणि क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) लावाच. चपटा झालेला प्रायमर (दारू पेटवणारी काडतुसाच्या बुडातली टोपी), जड उघडणारा बोल्ट ही लक्षणं दिसतात तेव्हा बहुधा दाब मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. वेग त्याआधी सांगतो: मॅन्युअलमधल्या कमाल मापाचा वेग तुम्हाला कमी दारूतच मिळाला, तर तुमच्या बॅरलची कमाल मर्यादा तीच. तिथेच थांबा. बॅरलची लांबी मात्र मॅन्युअलमधल्या बॅरलशी ताडून बघा.

अजून एक: बुलेट हवेत स्थिर राहील की नाही हे वजनापेक्षा तिच्या लांबीवर जास्त अवलंबून असतं. तुमच्या रायफलचं रायफलिंग बुलेटला १२ इंचांत एक वेढा देणारं असेल, तर डब्यावर किमान कोणता वेढा लिहिला आहे ते आधी वाचा. बरेच शिकारी तांब्यात मुद्दाम हलकी, १५० किंवा १३० ग्रेनची बुलेट घेतात. तांबं जनावराच्या अंगात तुटून विखुरत नाही, त्यामुळे हलकी बुलेटही खोल जाते. तुमच्या जागी मी १५० ग्रेनचाच विचार केला असता.

शिशावरची बंदी तुम्हाला जाचक वाटत असेल, पण मला ती पटते. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया काँडर (मृत जनावरं खाणारा मोठा पक्षी) जेमतेम २२ उरले होते, आणि शिकारीच्या अवशेषांमधले शिशाचे कण पोटात जाऊन हे पक्षी आजही विषबाधेने मरतात. २०१३ चा कायदा १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू झाला. तो शिकारीपुरता आहे. तुमची रेंज परवानगी देत असेल तर कागदी लक्ष्यावर जुनी बुलेट चालेल. पण दोन्ही काडतुसं वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर बुलेटचं पूर्ण नाव, दारू, माप, तारीख लिहा. नुसतं ‘१६८’ लिहू नका.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. वरचं सगळं जिथे हे कायदेशीर आहे तिथल्यांसाठीच आहे.

तुमच्या बॅरलचा वेढा आणि दारूचं नाव प्रतिक्रियेत लिहिलंत, तर कोणत्या मॅन्युअलमध्ये बघायचं ते सांगेन. माप मात्र तिथूनच घ्या. माझ्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून ऐकून भरू नका.