अमेरिकेतल्या लहान शहराची लोकसंख्या, उत्पन्न आणि वंश यांचे आकडे कसे वाचायचे?

अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहराची लोकसंख्या, उत्पन्न आणि वंशरचना बदलत गेली, तर त्या आकड्यांवरून नेमकं काय कळतं, असं तुम्ही विचारलंय. मी पेनसिल्व्हेनियातलं हेझलटन घेतो. वीस वर्षांत इतकं बदललेलं शहर सहसा सापडत नाही.

कोळशाच्या खाणींवर वाढलेलं हे शहर. 1940 साली वस्ती 38,009 होती. खाणी बसत गेल्या आणि 2000 पर्यंत 23,329 लोक उरले. मग 2010 ला 25,340 आणि 2020 ला 29,963. एवढंच पाहिलं तर वाटेल, शहर हळूहळू सावरलं. पण हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या, लोकांचा रकाना शेजारी ठेवा: 2000 मध्ये जेमतेम पाच टक्के, 2010 मध्ये 37 टक्के, 2020 मध्ये साठच्या वर. आता टक्के सोडा, माणसं मोजा. पहिल्या दहा वर्षांत एकूण वाढ दोनच हजारांची, पण हिस्पॅनिक आठ हजारांच्या आसपास वाढले आणि बाकीचे सहा हजारांवर कमी झाले. म्हणजे शांत दिसणाऱ्या बेरजेखाली अर्धं शहर हललेलं असतं.

यावरून ‘नव्यांनी जुन्यांना हुसकावलं’ असा अर्थ काढणारे भेटतात. मला तो पटत नाही. ओहोटी 1940 नंतरच लागली होती; तरुण बाहेर पडत होते, मागे राहिलेले म्हातारे होत होते. रिकामी, स्वस्त घरं होती म्हणून तर न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतली डोमिनिकन (मूळ कॅरिबियनमधल्या स्पॅनिशभाषक डोमिनिकन रिपब्लिकची) कुटुंबं इकडे आली. आय-80 आणि आय-81 हे महामार्ग इथेच जवळ एकमेकांना छेदतात, त्यामुळे गोदामं आणि कारखाने आले आणि कामही मिळालं.

2006 मध्ये शहराने कायदेशीर कागदपत्रं नसलेल्यांना घर भाड्याने देणाऱ्यांवर दंडाचा ठराव केला. 2007 मध्ये संघीय न्यायालयाने तो रद्द केला, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला. गंमत म्हणजे याच परिसरात, लॅटिमरला, 1897 साली संपावरच्या 19 नि:शस्त्र खाणकामगारांना शेरिफच्या माणसांनी गोळ्या घालून मारलं होतं. ते होते पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन. तेव्हाचे ‘परके’ तेच.

उत्पन्नाच्या बाबतीत लोक सर्रास फसतात. 2000 च्या जनगणनेत इथल्या मधल्या कुटुंबाचं (निम्मी कुटुंबं त्याच्या वर, निम्मी खाली) वार्षिक उत्पन्न सुमारे 28 हजार डॉलर होतं, देशाचं 42 हजार. हे आकडे 1999 च्या कमाईचे. तेव्हाचे 28 हजार म्हणजे 2022 च्या किमतीत जवळपास 49 हजार. त्याच्या खालचा कुठलाही आजचा आकडा कागदावर कितीही वाढलेला दिसला तरी ती घटच. शिवाय आता उत्पन्न दशवार्षिक जनगणनेत विचारतच नाहीत. ते नमुना पाहणीतून येतं, आणि 65 हजारांपेक्षा लहान गावासाठी पाच वर्षांची सरासरी मिळते. त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, त्यांच्यातली चार वर्षं सामाईक असतात. आणि आकड्याशेजारी छापलेली त्रुटीमर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ते, आधी पाहा. लहान गावात ती इतकी मोठी असते की ‘वाढ’ तिच्यातच गडप होते.

वंशाचं आणखी किचकट. 2020 पर्यंतच्या जनगणनेत हिस्पॅनिक हा वंश धरलेला नाही, तो वेगळा प्रश्न आहे. त्यामुळे ‘गोरे’ हा रकाना आणि ‘हिस्पॅनिक नसलेले गोरे’ हा रकाना वेगवेगळे. हेझलटनसारख्या ठिकाणी चुकीचा उचलला तर निष्कर्षच बदलतो. शिवाय 2020 मध्ये उत्तरं नोंदवण्याची पद्धत बदलली आणि देशभरात ‘दोन किंवा अधिक वंश’ सांगणारे 2.9 टक्क्यांवरून 10.2 वर गेले. दहा वर्षांत एवढी मिश्र लग्नं झाली नाहीत! 2024 मध्ये ठरलेल्या नियमांनुसार पुढे दोन्ही प्रश्न एकच होणार आहेत, तेव्हा 2030 चे वंशाचे आकडे 2020 च्या शेजारी ठेवताना पुन्हा हीच अडचण येईल.